गुच्ची एन्व्ही फॉर मेन अजून कोण लावतं? आपल्या हवेत कसं वागतं ते सांगा

रातांबा, फोंडा

इथे बहुतेक धागे नवीन काय घेऊ, सेल कुठे लागलाय, अमक्याचा क्लोन तमक्यापेक्षा बरा का असलेच असतात, म्हणून म्हटलं एक धागा बंद पडलेल्या सेंटासाठी काढूया. ज्यांनी वास घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडं लांबण लावतोय, कंटाळा आला तर सरळ खालचे प्रश्न वाचा आणि तेवढ्याचंच उत्तर द्या, राग नाही.

१९९८ चं हे सेंट. टॉम फोर्ड तेव्हा गुच्चीत क्रिएटिव्ह डायरेक्टर होता आणि सेंट बांधलं दानिएला आंद्रिये हिने, जिने पुढे प्रादासाठी इतकं काम केलं. बायकांचं एन्व्ही त्याच्या आदल्या वर्षीचं, मोरिस रुसेलचं, पण ते हिरवं, थंड, जरा ताठ्यातलं. त्याची आणि याची सोयरीक नावापुरतीच. आमच्या घरात बाटली आणली तारवटी मामाने, बोटीवरून सुट्टीवर येताना कुठल्यातरी ड्यूटी फ्रीतून. तेव्हा गोव्यात अर्ध्या घरांत सेंट असं मामाकाकाच्या बॅगेतूनच यायचं, दुकानात उभं राहून चार वास घेऊन निवडायची चैन नव्हतीच. मामाला ते तिखट वाटलं म्हणून माझ्याकडे आलं, आणि मग मी ते सोडलंच नाही, मिळत होतं तोवर घेत राहिलो.

आता वास. स्प्रे मारला की आधी आलं, आणि लाजतबुजत नाही, चांगलं ठेचलेलं. त्याच्या मागोमाग मिरी आणि धणे, पहिली पाचेक मिनिटं नाकाला झोंबतंच, तेवढ्यावरून कोणी मत बनवू नये. मग वेलची आणि जायफळ पुढे सरकतात आणि धार जरा बोथट होते. खरी मजा अर्ध्या तासाने, चंदन, तंबाखू, थोडा धूप आणि तळाला अंबरचा गोडवा. म्हार्दोळच्या जत्रेत खाजेकाराच्या टोपलीशी उभं राहिलं की गूळ, आलं आणि तीळ असा जो एकत्र वास येतो ना, तो बराचसा यात आहे, फक्त त्याला इस्त्रीचा शर्ट घातलाय. हल्लीची गोड पुरुषी सेंटं लावली की माणूस आईस्क्रीमच्या गाडीवरून आल्यासारखा वाटतो, सगळा एथिल माल्टॉलचा, म्हणजे साखरेच्या पाकासारख्या वासाच्या रसायनाचा मारा, इथे तसं काही नाही. गोडवा आहे पण मसाल्याच्या मागे उभा.

नेटवर सगळे सांगतात की असली मसालेदार अंबरवाली सेंटं थंडीतच लावायची. सांगणारे लोक न्यूयॉर्कचे नाहीतर जर्मनीचे, त्यांची थंडी म्हणजे थंडी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा विशीला टेकतो आणि आपण स्वेटर काढतो, त्या हिशोबाने बाटली वर्षातले दहा महिने कपाटात बसणार. माझं म्हणणं उलटं आहे, एन्व्ही गोव्यात सगळ्यात छान लागतं ते जुलै-ऑगस्टात. आभाळ भरलेलं, पारा तिशीच्या आतबाहेर, सगळीकडे ओल्या मातीचा आणि पाचोळ्याचा वास, आणि त्यात हे कोरडं, उबदार काहीतरी अंगाला. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी लावायचं नाव काढू नका, आलं आणि घाम एकत्र आले की तुम्ही बसमध्ये शिरायच्या आधी तुमचा वास शिरतो.

मी लावतो ते असं, एक स्प्रे छातीवर शर्टाच्या आत, एक मानेच्या मागे, बस. मनगटावर नाही, हेल्मेट-हँडल-पाऊस-हात धुणं यात ते टिकत नाही.

प्रश्न असे. आता शेवटची बाटली निम्म्यावर आलीय, ती नीट ठेवायची कशी? बाहेर जे लोक मूळ किमतीच्या कितीतरी पट मागतात त्यांच्याकडून घ्यावी का? आणि बंद का झालं हे नक्की कुणाला ठाऊक आहे का? पर्यायसुद्धा सुचवा, पण कृपा करून "अगदी सेम टू सेम" असं लिहू नका, तसं काही नसतं.

सुशेगाद_नाही

पात्रांव, सेंटाचं वाचत होतो की खाज्याचं? भूक लागली.

मांडवीपलीकडे, पर्वरी

अरे वा, कुणीतरी काढला एकदाचा याचा विषय. मी लावते हे, आणि फॉर मेन वगैरे बाटलीवर लिहिलंय ते दुकानदाराला कुठल्या फळीवर ठेवायचं ते कळावं म्हणून, माझ्या अंगावर ते तुमच्यापेक्षा गोड लागतं असं नवराच म्हणतो. तो स्वतः काहीच लावत नाही, टाल्कम पावडरचा भक्त.

पण पावसाळ्याचं मला अजिबात पटलेलं नाही रातांबादादा. पावसात आपल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, तीन दिवस दोरीवर लटकून अर्धवट वाळलेले कपडे, त्यात हा धूप आणि तंबाखू मिसळला की जुन्या देवघरातली चटई वाटते. मी हे लग्नसराईत लावते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, संध्याकाळचं रिसेप्शन, हॉलला एसी, सिल्कची साडी, आणि मग पाच-सहा तास त्याचं काम बघा. मोगऱ्याच्या गजऱ्याबरोबर तर विशेष, आल्याची धार जाते आणि खालचं चंदन वर येतं.

आणि बंद झालं ते इफ्रामुळे ना? ओकमॉस, ते झाडावरच्या दगडफुलासारखं असतं ना, त्यावर वगैरे बंदी आली म्हणे.

लॅबकोट, मडगाव

इफ्राचं नाव आलं की मला राहवत नाही, सॉरी, लांब होईल.

इफ्रा ही परफ्यूम उद्योगाचीच संघटना, १९७३ ची, ती ठरवते की कुठला घटक कुठल्या प्रकारच्या मालात किती टक्क्यांपर्यंत चालेल. लवंगेतला युजेनॉल, आयसोयुजेनॉल, दालचिनीतला सिनॅमिक आल्डिहाइड, ओकमॉस, या सगळ्यांवर मर्यादा आहेत कारण काही लोकांच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होते. सरसकट बंदीपेक्षा मर्यादाच जास्त घटकांवर असतात. युरोपात कायद्याने लायरल हे फुलांसारख्या वासाचं कृत्रिम रसायन बंद झालं, २०२२ च्या मार्चपासून तसलंच लिलियलही, ओकमॉसमधले ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल बंद झाले पण ते काढून टाकलेला ओकमॉस वापरता येतो. म्हणजे मसालेदार सेंटांना याचा फटका बसतो हे खरं, पण फटका बसलेलं सेंट कंपनी सहसा मारत नाही, त्याचा फॉर्म्युला बदलून त्याच नावाने विकत राहते आणि मग आपण इथे येऊन "आधीसारखं राहिलं नाही" म्हणून रडतो. सेंट पूर्ण बंद होतं ते खपाच्या हिशोबाने.

गुच्चीच्या सेंटांचं लायसन्स, म्हणजे गुच्चीच्या नावाने सेंट काढून विकायचा हक्क, आधी वायएसएल (इव्ह सँ लोराँ) बोतेकडे होतं, २००६ च्या सुमारास ते प्रॉक्टर अँड गँबलकडे गेलं आणि २०१६ मध्ये कोटी नावाच्या कंपनीकडे. नवा लायसन्सवाला येतो तेव्हा त्याला स्वतःची बाळं मोठी करायची असतात. २००८ मध्ये गुच्ची बाय गुच्ची पूर ओम आलं, २०११ मध्ये गिल्टी पूर ओम, जाहिरात, फळीवरची जागा, सगळं त्यांच्यासाठी. एन्व्ही कधीच तुफान खपणारं नव्हतं, त्याच्यासाठी भांडायला कोण बसणार. हा माझा तर्क आहे पण जवळपास प्रत्येक बंद सेंटाची गोष्ट अशीच निघते. २००३ चं गुच्ची पूर ओम, मिशेल अल्मेराकचं, धूपवालं, तेही असंच गेलं आणि त्याच्यासाठी लोक एन्व्हीपेक्षा जास्त हळहळतात.

ठेवण्याबद्दल. सेंटाचे शत्रू तीन, ऊन, उष्णता आणि हवा. व्हर्सायला ओस्मोथेक म्हणून सेंटांचं संग्रहालय आहे, १९९० पासून, तिथे जुनी सेंटं अंधारात, १२ अंशांवर आणि वर आर्गॉन वायू भरून ठेवतात म्हणजे ऑक्सिजन शिरतच नाही. आपल्याला आर्गॉन कोण देणार, पण तत्त्व तेच. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं पत्र्याचं कपाट अजिबात नको, मेमध्ये ते तापतं. बाथरूम तर नकोच नको. जुनं चिऱ्याचं घर असेल तर आतल्या काळोख्या खोलीतली खालची फळी, मूळ खोक्यात घालून, फ्लॅटवाल्यांनी फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कोपऱ्यात ठेवा, दार सतत उघडबंद होतं तिथे तापमान वरखाली होतं आणि ते जास्त वाईट.

निम्म्यावर आलेल्या बाटलीत निम्मी हवा असते, हे लोक विसरतात. आधी बिघडतो तो वरचा भाग, संत्र्या-लिंबाच्या जातीचे हलके वास, त्यातलं लिमोनीन हवेने ऑक्सिडाइज होतं आणि पॉलिशसारखं काहीतरी नाकात जातं. खालचं अंबर-चंदन वर्षानुवर्षं टिकतं. रंग गडद झाला म्हणून घाबरू नका, व्हॅनिलिनसारख्या घटकांनी रंग तसाही गडद होतो, वास बघा.

आखाती_परत, म्हापसा

लॅबकोटने सगळं सांगितलं तर आम्ही काय बोलायचं रे. मी दुबईत दुकानातच होतो, परफ्यूमच्याच काउंटरवर, त्यामुळे नकली मालाबद्दल बोलू शकतो.

रातांबा, ऑनलाइन कुणाकडून घेणार असाल तर आधी बाटलीच्या बुडाचा बॅच कोड आणि खोक्यावरचा कोड दोन्हीचे फोटो मागा, जुळले पाहिजेत. फोटो पाठवायला कां कूं करणाऱ्याला तिथेच राम राम. दुसरं, खोक्याची मागची बाजू नीट वाचा. युरोपात २००५ पासून सेंटातल्या २६ ॲलर्जी करणाऱ्या घटकांची नावं खोक्यावर छापणं सक्तीचं झालं, लिनालूल, लिमोनीन, युजेनॉल, कुमारिन वगैरे. तेव्हा "१९९९ चं ओरिजिनल पहिलं बॅच" म्हणून कोणी विकत असेल आणि खोक्यावर ही लांबलचक यादी असेल तर तो तरी खोटं बोलतोय नाहीतर खोकं दुसरं आहे. यादी नसेल आणि नुसतं अल्कोहोल, पाणी, परफ्यूम असं असेल तर जुनं असण्याची शक्यता. शक्यता म्हणतोय, कारण नकलीवाले पण आता शिकलेत.

माझ्या एका मित्राला असल्याच एका ऑनलाइन विक्रेत्याने टेस्टर म्हणून बाटली पाठवली, झाकण नाही, खोकं नाही, वास पहिली दोन मिनिटं बरोबर आणि मग नुसतं अल्कोहोल आणि साबण. पैसे गेलेच. नकलीत हेच होतं, वरचा भाग नक्कल करायला सोपा आणि स्वस्त, तळ महाग. म्हणून दुकानात असो की ओळखीच्याकडे, तासभर थांबून मगच हो म्हणा.

आणि कुरियरने मागवताना लक्षात ठेवा, परफ्यूम विमान वाहतुकीत ज्वलनशील द्रव धरतात, क्लास ३, यूएन १२६६, त्यामुळे बरेच जण घेतच नाहीत किंवा मालाचं नाव बदलून पाठवतात आणि मग ते अडकतं. त्यापेक्षा कोणी येणारा असेल तर चेक-इन बॅगेत आणायला सांगा, एक बाटली अर्ध्या लिटरपर्यंत आणि असलं सगळं सामान मिळून दोन लिटरपर्यंत चालतं. हँडबॅगेत १०० मिलीच्या वर नाही.

सुशेगाद_नाही

म्हणजे आपली जुनी तारवटी-पद्धतच बरी.

पोफळीखाली, सावईवेरे

आमचं कुळागर आहे, जायफळ, मिरी, वेलची, सुपारी सगळं थोडं थोडं, त्यामुळे या धाग्यात मला बोलायचा हक्क आहे असं समजतो.

रातांबांनी लिहिलं ना की ठेचलेलं आलं येतं, त्यावर थोडं. आल्याचा तिखटपणा जिभेला लागतो तो जिंजरॉलचा, आणि जिंजरॉल काही वाफेवर उडून येत नाही. म्हणून वाफेने काढलेल्या आल्याच्या तेलाला आल्याचा वास असतो पण ती जीभ भाजणारी गोष्ट नसते, लिंबाकडे झुकणारा, जरा लाकडी असा वास असतो. आता कार्बन डायऑक्साइडने अर्क काढतात त्यात ताज्या आल्याच्या जास्त जवळ जाता येतं. सेंटात झोंबल्यासारखं वाटतं ते मला वाटतं आल्याबरोबर मिरी ठेवल्यामुळे. आम्ही घरी प्रयोग केला होता, सुंठ, मिरी आणि जायपत्री वेगवेगळ्या कापडात बांधून हुंगायची, मिरी हाताशी असली की सुंठ दुप्पट तिखट लागते. शास्त्र काय ते लॅबकोट सांगेल.

जायफळाबद्दल एक सांगतो, झाडावरून पडलेलं फळ उकलून लाल जायपत्री ताजी हुंगली तर त्यात जवळजवळ फळासारखा गोड, ओला वास असतो. वाळलं की तो जातो आणि आपल्याला बासुंदीतला माहीत असलेला वास राहतो. एन्व्हीत मला वाळलेलंच दिसतं. ताज्या जायपत्रीचं सेंट कुणी केलं तर मी रांगेत पहिला.

आता हवामानावर, मी रातांबांच्या बाजूने. पण एक पथ्य पाळा, जायांच्या पूजेला किंवा सुरंगीच्या दिवसात सुरंगीचा वळेसर माळलेल्या माणसाशेजारी असलं सेंट लावून बसू नका. मार्च-एप्रिलमध्ये बाजारात सुरंगी आली की आमच्याकडे घरात कोणीच दुसरं काही लावत नाही.

मांडवीपलीकडे, पर्वरी

पोफळीखाली भाऊ, सुरंगीवर वेगळा धागा काढा, मी पहिली येईन.

बरं पण कुबट कपड्यांचं कुणीच बोललं नाही, सगळे पावसाच्या कवितेत रमलेत.

लॅबकोट, मडगाव

ताई तुमचं बरोबर आहे, कुबट वास ओलसर कापडावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो आणि सेंट त्याच्यावर पांघरूण घालू शकत नाही, दोन्ही एकत्र येतात आणि जास्त वाईट होतं. उपाय कपड्यांचा आहे, सेंटाचा नाही. पावसाळ्यात धुतलेले कपडे इस्त्री करून पूर्ण कोरडे करा, आणि सेंट कापडावर न मारता कातडीवर मारा, अंघोळीनंतर अंग पूर्ण पुसून. सिंथेटिक शर्ट असेल तर विचारूच नका, घामाचा वास त्यात धरून राहतो, सुती बरा.

गरम हवेत सेंट जास्त वेगाने उडतं, म्हणजे पहिल्या तासात जास्त जोरात येतं आणि लवकर संपतं. थंडीत उलट. म्हणून आपल्याकडे कमी मारायचं आणि हवं तर संध्याकाळी परत एकदा, हे माझं गणित. युरोपातले लोक सहा-सहा स्प्रे लिहितात ते वाचून इथे मारू नका, चवथीच्या आरतीला छोट्याशा खोलीत तीस माणसं, समया, कापूर, त्यात तुमचे सहा स्प्रे, म्हातारी माणसं बाहेर जाऊन बसतील.

सुशेगाद_नाही

आमच्याकडे दरवर्षी एक चुलतभाऊ असतोच असा. त्याच्या नावाने आरती लवकर संपवतात.

रातांबा, फोंडा

बऱ्याच जणांना एकत्र उत्तर देतो.

ताई, कपड्यांचा मुद्दा मान्य, मी सुती आणि इस्त्रीवाला माणूस आहे म्हणून मला जाणवलं नसेल. तरी जुलैच्या संध्याकाळी अल्तिन्योच्या चढावर पाऊस थांबल्यावर एकदा लावून फिरा आणि मग बोला. एसी हॉलमध्ये काय, काहीही चांगलंच लागतं.

लॅबकोट, लायसन्सचं वाचून बरं वाटलं, म्हणजे वाईट वाटलं पण निदान कारण कळलं. मला आतापर्यंत वाटायचं की मसाल्यावर कुणाचा तरी राग आहे.

आता विकत घेण्याबद्दल मीच थोडा हिशोब केला. साधारण स्प्रे एका दाबाला ०.१ मिली धरतात, म्हणजे १०० मिलीत सुमारे हजार दाब. मी एका वेळी दोन मारतो, आठवड्यातून दोनदा लावलं तर १०० मिली जवळजवळ पाच वर्षं पुरते. माझी निम्मी उरलीय म्हणजे अडीचेक वर्षं. एवढं असताना कुठल्यातरी अनोळखी माणसाला कितीतरी पट पैसे देऊन अजून एक बाटली आणायची, ती नकली निघेल की उन्हात तापलेली निघेल या काळजीत, मला तरी नको वाटायला लागलंय. काही लोक बंद पडलेल्या सेंटाच्या सीलबंद बाटल्या जमवतात, उघडत पण नाहीत, सोन्यासारखा भाव वाढेल म्हणून. त्यांचे पैसे, त्यांची मर्जी, पण त्यांना वास आवडतो असं मी मानत नाही.

पर्यायांवर कुणीच आलं नाही अजून.

आखाती_परत, म्हापसा

घ्या, मी येतो. एकेक सांगतो आणि भांडायला तयार आहे.

आलं हवं असेल तर बुल्गारीचं ब्लू पूर ओम, २००१, अल्बेर्तो मोरियास. आलं, वेलची, तंबाखूचं फूल, कागदावर वाचलं तर एन्व्हीचा भाऊ वाटेल. प्रत्यक्षात ते स्वच्छ, कस्तुरीकडे झुकणारं, ऑफिसात कुणाला त्रास न देणारं आहे, गोडवा जवळजवळ नाही. आपल्या उन्हाळ्यात मात्र एन्व्हीपेक्षा तेच लावा.

गोड मसाला हवा असेल तर वायएसएलचं ओपियम पूर ओम, १९९५, जाक कावालिए. चक्रीफूल, मिरी, तळाला व्हॅनिला आणि टोलू बाल्सम नावाचा गोड डिंक. एन्व्हीपेक्षा गोड आणि आळशी. दुबईत जुनी गिऱ्हाइकं तेच मागायची आणि दुसरं काही दाखवलं की चेहरा पाडायची. बुशेरोंचं जयपूर ओम, १९९८, आनिक मेनार्दो, हेही मसाल्याचंच पण पावडरीचं, न्हाव्याच्या दुकानातून नुकतं बाहेर पडल्यासारखं, आणि नाव जयपूर असलं तरी जयपूरला जाऊन आलेल्याला ते ओळखीचं वाटणार नाही. नवीन पोरांना स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम आवडतं, २०१५ चं, तंबाखू-व्हॅनिला, जोरदार आहे, गोव्याच्या एसी नसलेल्या खोलीत मला ते सहन होत नाही.

मांडवीपलीकडे, पर्वरी

स्पाइसबॉम्बबद्दल सहमत. आमच्या शेजारचा मुलगा लिफ्टमधून खाली गेला की पुढचा अर्धा तास लिफ्ट त्याचीच.

पोफळीखाली, सावईवेरे

विदेशीच कशाला, शमामा घ्या. कन्नौजचं अत्तर, देग-भपक्यात, म्हणजे अर्क काढायच्या तांब्याच्या भांड्यात, अनेक मसाले आणि वनस्पती मिळून काढतात, वेलची, जायफळ, लवंग अशा आपल्याच घरातल्या वस्तू त्यात असतात. अल्कोहोल नाही म्हणून ते आधी झोंबत नाही, अंगाजवळच राहतं. काडीच्या टोकावर मावेल तेवढंच, जास्त घेतलं तर आयुर्वेदिक काढा. चांगल्या शमामाच्या तळाला चंदन असतं आणि खऱ्या चंदनाच्या तेलाचे भाव सगळ्यांना माहीत आहेत, तेव्हा शंभर रुपयांना बाटली मिळाली तर तो शमामा नाही एवढं समजा.

रातांबा, फोंडा

शमामा माझ्याकडे आहे आणि मी ते एन्व्हीच्या खाली लावून बघितलंय, आधी छातीवर शमामाचा ठिपका, थोड्या वेळाने वरून एन्व्हीचा एकच स्प्रे. एन्व्हीचं आलं तसंच राहतं आणि तळ दुपारपर्यंत जास्त जाड होतो. शुद्धतावाले मारायला उठतील, उठू देत. याने बाटली पण जास्त दिवस पुरते हा फायदा आहेच.

आखातीभाऊ, ब्लू माझ्या मुलाकडे आहे, तुमचं वर्णन अगदी बरोबर, गोडवा नाही म्हणूनच मला ते अर्धवट वाटतं. ओपियम मी कधी अंगावर लावून बघितलेलं नाही, फक्त झाकण हुंगलंय.

लॅबकोट, मडगाव

ओपियमचा जुना थोडा माल माझ्याकडे आहे. डिकँट करून, म्हणजे छोट्या बाटलीत थोडं काढून देऊ शकतो, बदल्यात एन्व्हीचे दोन मिली. मी एन्व्ही कॉलेजात असताना वर्गातल्या एकाच्या अंगावर हुंगलंय, त्यानंतर नाही, आणि एवढं सगळं लिहिल्यावर आता बघायलाच हवं.

मांडवीपलीकडे, पर्वरी

हे बरं आहे, मग भेटूयाच की सगळे. माझ्याकडे गुच्ची पूर ओम आहे, २००३ वालं, हो तेच, भावाचं. त्याला विचारून आणते. म्हणजे विचारल्याशिवाय आणते.

आखाती_परत, म्हापसा

पणजीत ठेवा, सगळ्यांना मधे पडतं. १८ जून नावाच्या रस्त्यावर कुठेतरी चहा मिळेल अशा ठिकाणी. रविवार नको, फुटबॉल आहे, शनिवारी चारनंतर मी मोकळा.

सुशेगाद_नाही

मी येतो. माझ्याकडे द्यायला काही नाही, पण भजी माझ्याकडून.

लॅबकोट, मडगाव

शनिवार चालेल. डिकँटसाठी काचेच्या छोट्या स्प्रे-बाटल्या मी आणतो, कुणीही प्लास्टिकच्या आणू नका, हलकं प्लास्टिक असेल तर अल्कोहोलने खराब होतं आणि वास शिरतो. रातांबा, तुमची बाटली वरून सील केलेली असेल, उघडायचा प्रयत्न करू नका, छोट्या बाटलीच्या तोंडाशी नोझल धरून स्प्रेच करायचं, थोडं उडून जाईल त्याला इलाज नाही. आणि बाटली स्कूटरच्या डिकीत टाकून आणू नका, तिथे पावसातही तापतं.

रातांबा, फोंडा

ठीक, शनिवार साडेचार. बाटली कापडी पिशवीत घालून बसने आणतो. येताना कुणी काही लावून येऊ नका, मनगटं आणि कोपराची आतली बाजू मोकळी ठेवा, नाहीतर चार सेंटं बघायला जागा उरणार नाही. आणि भजी शेवटी, आधी खाल्लीत तर सगळ्यांच्या हाताला कांदा.